मित्र युरोप फिरायला येतायत म्हटल्यावर तिकडे राहणाऱ्या मराठी माणसाला काय काय सांभाळावं लागतं?

फोन साधारण जानेवारीत येतो.

"भावा, मे मध्ये येतोय आम्ही चौघं. दहा दिवस. जर्मनी तर करूच, पण स्वित्झर्लंड, पॅरिस, व्हेनिस आणि जमलं तर परत येताना दोन दिवस लंडन. तू आहेसच तिकडे."

"तू आहेसच तिकडे" या तीन शब्दांत बरंच काही येतं. राहायची सोय, व्हिसाचं पत्र, ट्रेनची तिकिटं, सुट्ट्या, फोटोग्राफर आणि रात्री अकराला वरण-भात. बोलणारा हे सगळं हक्कानं बोलतो, आणि ऐकणाऱ्यालाही मनातून आनंदच झालेला असतो. दोन-दोन वर्षं कॉलेजची गँग भेटलेली नसते. अडचण आनंदाची नसतेच, अडचण असते ती नियमांची. युरोप फिरायचे नियम पाहुण्याला वेगळे असतात आणि तिथं राहणाऱ्याला वेगळे. दोघंही एकमेकांवर विसंबून राहतात आणि मग कुठल्यातरी बॉर्डरवर गाडी अडते.

उदाहरण म्हणून जर्मनीतलं स्टुटगार्ट घेऊ. १९६८ पासून मुंबई आणि स्टुटगार्ट या जोडशहरं म्हणजे सिस्टर सिटी आहेत. गाड्या आणि गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तिथं असल्यानं पुण्या-मुंबईकडची इंजिनियर मंडळीही बऱ्यापैकी आहेत. अशा एखाद्या पोराकडं चार मित्र येणार आहेत असं समजा आणि सुरुवातीपासून बघू.

पहिला प्रश्न, व्हिसा कुठल्या देशाचा काढायचा?

इथंच निम्मे लोक चुकतात. "युरोपचा व्हिसा" असा व्हिसा नसतो, असतो तो शेंगेन व्हिसा. शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं मोझेल नदीकाठचं छोटंसं गाव. जर्मनी, फ्रान्स आणि लक्झेंबर्ग या तिन्ही देशांच्या सीमा तिथं भेटतात. १४ जून १९८५ ला तिथं नदीत उभ्या असलेल्या एका बोटीवर पाच देशांनी आपापसातल्या सीमांवरची तपासणी काढून टाकायचा करार केला. प्रत्यक्षात ती तपासणी थांबायला १९९५ चा मार्च उजाडला. आज या व्यवस्थेत २९ देश आहेत.

पण २९ देश मिळून एकच व्हिसा असला, तरी अर्ज कुठल्यातरी एकाच देशाकडं करावा लागतो. नियम असा की जिथं तुम्ही जास्त दिवस राहणार, त्या देशाकडं अर्ज करायचा. दोन देशांत सारखेच दिवस असतील, तर जिथं आधी पाय ठेवणार त्यांच्याकडं. म्हणजे जर्मनीत चार दिवस, फ्रान्समध्ये तीन आणि स्वित्झर्लंडमध्ये तीन असा प्लॅन असेल तर अर्ज जर्मनीकडं.

आता गावगप्पा अशी असते की ज्या देशाचा व्हिसा, त्याच देशात आधी उतरावं लागतं. तसं नाहीये. जर्मनीचा व्हिसा घेऊन पॅरिसला उतरलात तरी चालतं, फक्त जास्त मुक्काम खरोखर जर्मनीत असला पाहिजे. "अमुक देश पटकन देतो" म्हणून तिकडून व्हिसा काढायचा आणि त्या देशात एक रात्रही काढायची नाही, हा प्रकार मात्र महागात पडू शकतो. विमानतळावर हॉटेलची बुकिंग मागितली आणि गणित जुळलं नाही तर परत पाठवायचा अधिकार तिथल्या अधिकाऱ्याला असतो.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. मोठ्या माणसाची फी ९० युरो. जून २०२४ च्या आधी ती ८० होती. व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही. किमान ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतो. निर्णय साधारण १५ दिवसांत होतो, पण कागद अडले तर ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. शिवाय अपॉइंटमेंट मिळायला लागणारा वेळ वेगळा. उन्हाळ्याच्या तोंडावर ती लवकर मिळत नाही, म्हणून मे मध्ये येणाऱ्यानं फेब्रुवारीत हातपाय हलवलेले बरे.

नकाराची भीती उगाच नाही. २०२४ मध्ये भारतातून शेंगेनसाठी सुमारे ११ लाख अर्ज गेले आणि त्यातले साधारण १ लाख ६५ हजार नाकारले गेले. म्हणजे शंभरातले पंधरा. चौघांच्या ग्रुपमध्ये तिघांचा आला आणि एकाचा नाही, हे अगदी होऊ शकतं. म्हणून व्हिसा हातात येईपर्यंत रद्द करता येतील अशीच बुकिंग करायची, हे तिथं राहणाऱ्यानं ग्रुपवर पहिल्याच दिवशी पिन करून ठेवलेलं बरं.

आता मुद्दा येतो होस्टच्या सहीचा

मित्र म्हणतात, "तू स्पॉन्सर लेटर दे ना, काम सोपं होतं."

इथं थांबायचं. कारण जर्मनीत दोन वेगवेगळ्या कागदांना लोक सरसकट "लेटर" म्हणतात.

एक असतं साधं आमंत्रणपत्र. अमुक-अमुक माझे मित्र आहेत, या तारखांना माझ्याकडं राहतील, माझा पत्ता असा, सोबत माझ्या पासपोर्टची आणि रेसिडेन्स कार्डची कॉपी. बास. याची कायदेशीर जबाबदारी काही नसते. मित्र स्वतः नोकरी करत असतील, बँक स्टेटमेंट, इन्कम टॅक्स रिटर्न आणि सुट्टी मंजूर झाल्याचं ऑफिसचं पत्र देऊ शकत असतील, तर सहसा एवढ्यावर भागतं.

दुसऱ्याचं नाव आहे फेरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग. नाव घेताना जीभ अडखळते, पण त्याचा अर्थ त्याहून जड आहे. जर्मनीच्या रहिवास कायद्याच्या ६६ ते ६८ या कलमांखाली दिलेली ही हमी असते. परदेशी नागरिकांच्या स्थानिक कार्यालयात जाऊन, पगाराच्या स्लिपा दाखवून आणि २९ युरो भरून ती करून घ्यावी लागते. यात होस्ट लिहून देतो की या माणसाचं राहणं, खाणं, आजारपण आणि वेळ आली तर त्याला देशाबाहेर पाठवायचा खर्चसुद्धा मी देईन. या जबाबदारीची कमाल मुदत ५ वर्षं आहे. पाहुणा वेळेत घरी परतला की विषय संपतो, पण तो परतलाच नाही आणि तिथंच त्यानं आश्रय मागितला, तर सरकारनं त्याच्यावर केलेल्या खर्चाचं बिल सही करणाऱ्याकडं येऊ शकतं.

आपला शाळेतला मित्र असं करणार नाही, हे खरंच. पण मित्राचा मित्र, ज्याला आपण फक्त ग्रुप फोटोत बघितलंय, त्याच्यासाठी ही सही करायची का? निवृत्त आई-वडील येत असतील आणि त्यांच्या नावावर नियमित उत्पन्न दिसत नसेल, तर हा कागद योग्यच आहे. कमावत्या मित्रांसाठी मात्र तो शक्यतो करू नये. आणि नाही म्हणताना संकोच वाटत असेल तर कायद्याचं नाव पुढं करावं, काम भागतं.

फ्रान्समध्ये प्रकार थोडा वेगळा आहे. तिथं पाहुणा घरी उतरणार असेल तर होस्टला आपल्या महापालिकेतून, म्हणजे मेरीतून, अधिकृत पत्र काढून घ्यावं लागतं. साधं ईमेल चालत नाही.

स्टिकरवरचे आकडे

व्हिसा आला की सगळे फक्त तारखा बघतात. खरी गंमत खालच्या दोन रकान्यांत असते.

एका रकान्यात दिवसांचा आकडा असतो. समजा व्हिसा १ मे ते २५ मे असा वैध आहे, पण दिवस १० लिहिलेत. म्हणजे या २५ दिवसांच्या खिडकीत कुठलेही १० दिवस राहता येईल, २५ नाही. आणि मोजताना उतरल्याचा दिवस आणि निघाल्याचा दिवस, दोन्ही धरतात. रात्री ११ वाजून ५० मिनिटांनी इमिग्रेशन केलं तरी तो एक अख्खा दिवस गेला.

दुसऱ्या रकान्यात किती वेळा आत यायची परवानगी आहे ते असतं. तिथं "०१" असेल तर एकदा शेंगेनच्या बाहेर पडलात की खेळ खल्लास.

आता हे बाहेर पडणं कसं होतं ते बघा. लंडन शेंगेनमध्ये नाही. आयर्लंड युरोपियन युनियनमध्ये आहे, पण शेंगेनमध्ये नाही. त्यामुळं लंडन करायचं असेल तर ब्रिटनचा वेगळा व्हिसा काढून ते सगळ्यात शेवटी ठेवायचं आणि तिथूनच मुंबईचं विमान पकडायचं. मध्ये ठेवलं तर परत जर्मनीत येता येत नाही, आणि सामान असतं स्टुटगार्टच्या फ्लॅटवर.

सगळ्यात फसवा भाग आहे क्रोएशियाचा. हा देश १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आला, त्यामुळं दुब्रोव्निकचे फोटो आता आपल्या लोकांच्या फीडवर भरपूर दिसतात. तिथं गेल्यावर हॉटेलचा माणूस हमखास मोस्टारची एक दिवसाची सहल सुचवतो. जुना दगडी पूल आहे, सुंदर आहे, सगळं खरंय. पण मोस्टार आहे बोस्नियात आणि बोस्निया शेंगेनमध्ये नाही. सिंगल एंट्रीवाला पाहुणा सकाळी बसमध्ये बसला, तर संध्याकाळी क्रोएशियाच्या सीमेवर त्याचा व्हिसा संपलेला असतो.

पूर्वी तर स्प्लिटहून दुब्रोव्निकला रस्त्यानं जातानासुद्धा ही भानगड होती. मध्ये नेऊम नावाचा बोस्नियाचा समुद्रकिनाऱ्याचा छोटा तुकडा येतो आणि तो क्रोएशियाचे दोन भाग करतो. जुलै २०२२ मध्ये पेल्येशात्सचा पूल सुरू झाला आणि बोस्नियाला वळसा घालून जायची सोय झाली. तरी बस कुठल्या रस्त्यानं जाते हे तिकीट काढताना विचारून घ्यायचंच.

पूर्वी दिवसांचा हिशोब पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून व्हायचा. शिक्का पुसट असला की सगळंच रामभरोसे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन देशांनी टप्प्याटप्प्यानं ईईएस नावाची डिजिटल नोंद सुरू केलीये. पाहुण्याचा फोटो आणि बोटांचे ठसे घेतले जातात आणि किती दिवस राहिला ते कॉम्प्युटर मोजतो. "एक दिवसानं काय होतंय" हे वाक्य आता बाद धरायचं. आणि तो एक दिवस पुढं महाग पडतो, कारण एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी नियम थोडे सैल झालेत. तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे नीट वापरले असतील, तर पुढचा दोन वर्षांचा मल्टिपल एंट्री व्हिसा मिळू शकतो. त्या "नीट" मध्ये हे सगळं येतं.

आणि होस्टचं काय?

होस्टकडं जर्मनीचं रेसिडेन्स कार्ड असतं, त्यामुळं त्याला वाटतं आपण तर इथलेच. तसं अर्धंच खरंय. जर्मनीत तो हवं तेवढं राहू शकतो, पण बाकीच्या शेंगेन देशांत त्यालाही १८० दिवसांत ९० दिवसांचीच मुभा आहे. फिरण्यापुरती ती भरपूर झाली. लोक अडकतात ते कार्ड आणि पासपोर्टपायी. दोन्ही सोबत लागतात, नुसतं कार्ड खिशात घालून निघालं तर चालत नाही.

"पण शेंगेनमध्ये तर बॉर्डरच नाही ना?"

नाही, पण आहे. गरज वाटली तर देशांना तात्पुरती तपासणी परत सुरू करता येते. जर्मनीनं १६ सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर ती सुरू केली. म्हणजे पॅरिसहून रात्रीच्या बसनं येताना पहाटे तीनला दिवे लागतात, पोलीस चढतात आणि सगळ्यांचे पासपोर्ट बघतात. तेव्हा पासपोर्ट बसच्या पोटातल्या बॅगेत असून उपयोग नसतो.

कार्डाची मुदत संपत आली असेल आणि नवीन यायचं असेल, तर देशाबाहेर फिरायला निघण्याआधी आपल्या कार्यालयात विचारून घ्यावं. पाहुणे व्हेनिसला आणि होस्ट कागदासाठी स्टुटगार्टमध्ये, असं व्हायला नको.

हापूसची पेटी

आता थोडं खाण्याकडं वळू, कारण मे महिना आहे आणि येणाऱ्या प्रत्येकाला वाटतं की दोस्तासाठी हापूस न्यावा. वाटणारच. जर्मनीत हापूस मिळाला तरी त्याचा भाव ऐकून भूक मरते.

तर कायदा काय म्हणतो? १४ डिसेंबर २०१९ पासून युरोपियन युनियनमध्ये बाहेरून ताजी फळं, भाज्या, पानं आणायची तर सोबत रोग-किडीपासून मुक्त असल्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. प्रवाशाच्या बॅगेतल्या दोन डझनांनाही तोच नियम. यातून फक्त पाच फळं वगळलीत, ती म्हणजे अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर. आंबा त्यात नाही. कढीपत्ताही नाही.

याला इतिहास आहे. भारतातून गेलेल्या काही मालात फळमाशी सापडली आणि १ मे २०१४ पासून युरोपियन युनियननं भारतीय आंब्यावर बंदीच घातली. ऐन हापूसच्या सीझनला. कोकणातल्या बागायतदारांना तो दणका बसला होता. नंतर भारतानं तपासणी आणि प्रक्रिया कडक केली आणि जानेवारी २०१५ मध्ये ती बंदी उठली. आज दुकानात मिळणारा हापूस प्रक्रिया होऊन, कागदपत्रांसह गेलेला असतो. बॅगेत टॉवेलमध्ये गुंडाळलेला नाही.

दुसरा नियम दुधाचा आणि मांसाचा. बाहेरच्या देशातून आणलेले दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशांना नेता येत नाहीत. म्हणजे आईनं कढवून दिलेलं साजूक तूप, खवा, पनीर, सुकं मटण, सगळं बाहेर. कस्टमवाल्यांनी बॅग उघडली तर हे तिथंच कचऱ्यात जातं, आणि तुपाचा डबा कचऱ्यात पडताना बघणं काय असतं ते वेगळं सांगायला नको.

मग न्यायचं काय? भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, पापड, कुरडया, बाकरवडी, चकल्या, कैरीचं लोणचं. यातलं काही सहसा अडत नाही. लोणच्याच्या बरणीला मात्र तीन पिशव्या घालाव्यात. विमानतळावर लागणारा हा नियम नाही, पण कपड्यांच्या बाजूनं तोच सगळ्यात महत्त्वाचा.

दहा दिवसांत सहा देश होतात का?

नकाशावर होतात.

स्टुटगार्टहून पॅरिस फास्ट ट्रेननं साधारण सव्वातीन तास. हे जमतं. ट्रेन सुटली तर. कारण जर्मन लोक वेळेचे पक्के ही समजूत घेऊन आलेल्या पाहुण्याला पहिला धक्का रेल्वेच देते. २०२४ मध्ये तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी फक्त ६२.५ टक्के वेळेत पोचल्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर तिथं उशीर धरतच नाहीत. म्हणून ट्रेन बदलायला आठ मिनिटं आहेत असं ॲप सांगत असलं, तरी त्या आठ मिनिटांवर पॅरिसचं हॉटेल अवलंबून ठेवू नये. गाडी ६० मिनिटं किंवा त्याहून उशिरा पोचली तर तिकिटाचे २५ टक्के आणि १२० मिनिटांच्या वर गेली तर ५० टक्के परत मागता येतात. तिकीट जपून ठेवायचं.

स्वस्तात फिरायचं तर डॉइचलांडतिकीट आहे. मे २०२३ मध्ये ते ४९ युरोला सुरू झालं, जानेवारी २०२६ पासून महिन्याला ६३ युरो झालं. यात देशभरातल्या लोकल, मेट्रो, ट्राम, सिटी बस आणि रिजनल ट्रेन येतात. फास्ट गाड्या येत नाहीत. पाहुण्यालाही ते काढता येतं, पण ते मासिक वर्गणीसारखं असतं. महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. पाहुणा तोपर्यंत डोंबिवलीत पोचलेला असतो आणि कार्ड होस्टचं असतं. तिकीट नावावर असतं, त्यामुळं एकाच तिकिटावर दोघं आलटून पालटून हा प्रयोग करू नये.

चौघं-पाच जण असाल आणि फक्त एक दिवस जायचं असेल, तर राज्याचं ग्रुप तिकीट बघा. पाच जणांपर्यंत एकच तिकीट, दिवसभर. वारी सकाळी ९ नंतर सुरू होतं, तसंही चार मित्र त्याआधी आंघोळीहून निघत नाहीत.

आणि खिशात एक दिवस शिल्लक असेल तर स्ट्रासबर्ग. फ्रान्समध्ये आहे, पण जर्मनीच्या केल गावातून २०१७ पासून ट्रामनं ऱ्हाईन नदी ओलांडून जाता येतं. ट्रामनं देश बदलायची मजा आयफेल टॉवरच्या रांगेत नाही.

स्वित्झर्लंड हा वेगळा विषय. हिंदी सिनेमानं आपल्याला तो देश इतका दाखवलाय की इंटरलाकेनमध्ये यश चोप्रांचा पुतळा उभा आहे. शेंगेनमध्ये असल्यानं व्हिसा तोच चालतो, पण युरोपियन युनियनमध्ये नसल्यानं दोन गोष्टी बदलतात. चलन फ्रँक. आणि जर्मनीत घेतलेलं सिम कार्ड बाकीच्या युरोपात फुकट रोमिंगवर चालतं, ते तिथं चालेलच असं नाही. युंगफ्राउयोखच्या स्टेशनवर, ३,४५४ मीटर उंचीवरून, घरी व्हिडिओ कॉल लावला आणि बिल आलं तीन आकडी, ही चूक सेटिंगमधलं एक बटण बंद केलं की टळते.

व्हेनिसला ठरावीक दिवशी फक्त दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून प्रवेश फी घेतात. २०२४ मध्ये ५ युरोनं सुरुवात झाली, २०२५ मध्ये उशिरा बुक करणाऱ्याला १० युरो झाले. रात्री मुक्काम असेल तर फी नाही, पण सूट घेतल्याची ऑनलाइन नोंद करावी लागते. लूव्रनं तर १४ जानेवारी २०२६ पासून युरोपबाहेरच्या पाहुण्यांचं तिकीट २२ वरून ३२ युरो केलं. आणि उलट, युरोपात राहणारा होस्ट २६ च्या आतला असेल तर त्याला तिथं फुकट. मोना लिसा बघायला एक जण शून्य रुपयात आणि चौघं पूर्ण पैसे भरून, यावरून ट्रेनमध्ये होणारी भांडणं प्रेमाचीच असतात. मंगळवारी लूव्र बंद असतं एवढं लक्षात ठेवा.

गर्दीचा राग तिथल्या लोकांनाही आहे. ऑस्ट्रियातलं हालश्टाट हे ८०० पेक्षा कमी वस्तीचं तळ्याकाठचं गाव. २०२३ मध्ये गावकऱ्यांनी सेल्फीच्या जागेवर लाकडी कुंपणच घातलं, नंतर बोलणी बसली म्हणून काढलं. त्यामुळं तिथं कुणी आवाज कमी करा म्हणालं तर ते फक्त आपल्यालाच म्हणत नाहीत.

सुट्ट्यांचा हिशोब कुणी करत नाही

पैशांबद्दल मित्र बोलतात तरी. सुट्ट्यांबद्दल कुणीच बोलत नाही.

जर्मनीत पाच दिवसांचा आठवडा असेल तर कायद्यानं वर्षाला किमान २० दिवस रजा मिळते. बऱ्याच कंपन्या ३० च्या आसपास देतात. ऐकायला भरपूर वाटतात. पण त्यातले पंधरा दिवस भारतवारीचे असतात, गणपती नाहीतर दिवाळी. एखादं लग्न लागलं की आणखी पाच. उरलेल्या दहात मे मध्ये कॉलेजचे मित्र, जुलैमध्ये चुलतभाऊ आणि सप्टेंबरमध्ये ऑफिसचे जुने सहकारी. प्रत्येकाला नॉयश्वानस्टाईन बघायचंच असतं.

नॉयश्वानस्टाईन म्हणजे बव्हेरियातला तो परीकथेतला किल्ला. राजा लुडविग दुसरा यानं १८६९ मध्ये काम सुरू केलं, १८८६ मध्ये तो गेला तेव्हाही किल्ला अपुराच होता, आणि तो गेल्यावर सात आठवड्यांत किल्ला तिकीट लावून लोकांना उघडला गेला. तिथं आत ठरलेल्या वेळेलाच आणि गाइडसोबतच जाता येतं. पाहुणा पहिल्यांदा बघतोय म्हणून होस्ट पाचव्यांदा तोच गाइड ऐकतो. नाही कसं म्हणायचं, हे त्याला कळत नाही, आणि डिसेंबरमध्ये आई विचारते, "या वर्षी येणं नाही का रे?" तेव्हा रजेच्या रकान्यात दोन दिवस उरलेले असतात.

जी मंडळी हे बरं सांभाळतात ती एक गोष्ट आधीच सांगून टाकतात. वीकेंडला मी तुमच्यासोबत, मधले दिवस तुम्ही तुमचे. पॅरिस आणि व्हेनिस चौघं आपापलं करतात, होस्ट ऑफिसला जातो. किल्ल्याच्या पायथ्याशी सोडून तो खाली तळ्याकाठी पुस्तक घेऊन बसला तरी मित्रांना राग येत नाही, येतो असं फक्त वाटतं.

दुसरी युक्ती कॅलेंडरची. मे-जूनमध्ये जर्मनीत सुट्ट्या भरपूर असतात. त्यातला असेन्शन डे दर वर्षी गुरुवारीच येतो. मधला शुक्रवार टाकला की एका रजेत चार दिवस. जर्मन लोक अशा शुक्रवारला पुलाचा दिवस म्हणतात. हे गुपित आठ कोटी लोकांना ठाऊक असल्यानं त्या दिवसांची तिकिटं तीन महिने आधी काढायची.

रविवारी मात्र सावध. सुपरमार्केट बंद असतात. शनिवारी रात्री उतरलेल्या चौघांसाठी दूध, ब्रेड, कांदे, बटाटे आधीच आणलेले नसतील, तर रेल्वे स्टेशनातल्या दुकानात दुप्पट भावानं घ्यावे लागतात.

आणि पैसे. "तो युरोत कमावतो" हे वाक्य कुणी तोंडावर बोलत नाही, पण प्रत्येक बिलाच्या वेळी टेबलावर असतं. युरोत कमावणारा भाडंही युरोतच भरतो. खर्च वाटायचं ॲप पहिल्याच दिवशी लावलेलं चांगलं, कारण दहाव्या दिवशी कॉफीचे हिशोब काढणारा माणूस वाईट दिसतो. मधला सोपा मार्ग, राहणं-खाणं घरी असेल तेव्हा होस्टचं, घराबाहेर पडल्यावर सगळं पाचात.

पासपोर्ट हरवला तर

हे होतं. बार्सिलोना, रोम, पॅरिसच्या मेट्रोत तर होतंच. आधी जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार, मग त्या देशातला भारतीय दूतावास. घाईत असाल तर तिथून इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं, पण त्यावर फक्त भारतात परतता येतं. पुढचे तीन देश रद्द. पासपोर्ट, व्हिसा आणि इन्शुरन्सचे फोटो ग्रुपवर टाकून ठेवलेले असले की दूतावासात अर्धं काम होतं. आजारपण किंवा अपघात असेल तर अख्ख्या युरोपियन युनियनमध्ये नंबर एकच, ११२.

पाहुणे गेल्यावर

मुंबईचं विमान सुटलं की होस्ट रिकाम्या बाटल्या घेऊन सुपरमार्केटच्या मशीनसमोर उभा राहतो. प्लास्टिकच्या बाटलीचे २५ सेंट परत मिळतात, चौघांच्या दहा दिवसांचे दहा-पंधरा युरो सहज होतात.

एक हिशोब मात्र उशिरा येतो. इटलीत भाड्यानं गाडी घेतली असेल तर. फ्लॉरेन्ससारख्या शहरांच्या जुन्या भागात झेडटीएल नावाचे पट्टे असतात, तिथं परवानगीशिवाय गाडी न्यायची नसते. गेट नसतं, पोलीस नसतो, फक्त कॅमेरा असतो. जीपीएसनं सांगितलं म्हणून वळलं, हॉटेल सापडेना म्हणून परत दोनदा वळलं, तर तीन दंड. गाडी ज्याच्या नावावर घेतली त्याचा पत्ता भाड्यानं देणारी कंपनी पोलिसांना कळवते, आणि गाडी अर्थातच "तू आहेसच तिकडे" वाल्याच्या नावावर असते. परदेशात राहणाऱ्याला नोटीस पाठवायला इटलीच्या पोलिसांना ३६० दिवस मिळतात, त्यामुळं मे मधल्या ट्रिपचं पाकीट पुढच्या फेब्रुवारीतही येऊ शकतं. नोटीस मिळाल्यापासून पाच दिवसांत भरलं तर दंडात ३० टक्के सूट असते. म्हणून पाकीट फोडलं की ग्रुपवर फोटो टाकून कुणाचं चुकलं यावर चर्चा सुरू करायच्या आधी पैसे भरून टाकायचे आणि ॲपमध्ये पाच जणांत वाटून द्यायचे.